अँकीड्रॉइड : शब्द आणि अलंकार पक्के करायला उत्तम, पण पत्ते स्वतः बनवा

बारावीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. कवितेच्या रसग्रहणात फिगर ऑफ स्पीच, म्हणजे अलंकार, विचारतात. मुलं गाइडमधल्या व्याख्या घोकून येतात आणि नवी ओळ समोर आली की अडतात. म्हणून त्यांना अँकीड्रॉइड हे फ्लॅशकार्डचं, म्हणजे प्रश्नोत्तरांच्या पत्त्यांचं ॲप वापरायला लावलं. अँड्रॉइडवर पूर्ण फुकट, जाहिराती नाहीत, नेटशिवायही चालतं. आयफोनवरचं अधिकृत ॲप मात्र विकत घ्यावं लागतं.

पत्त्याच्या एका बाजूला प्रश्न, दुसरीकडे उत्तर. उत्तर बघून अगेन, हार्ड, गुड, ईझी यांपैकी एक बटण दाबायचं. येत असलेला पत्ता आधी काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी, पुढे महिन्यांनी येतो. विसरलेला लगेच परत येतो. उत्तर आठवलं नसतानाही मुलं 'हार्ड' दाबतात, ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडा. कष्टाने का होईना आठवलं तरच 'हार्ड', नाहीतर 'अगेन'.

तयार डेकच्या, म्हणजे इतरांनी बनवलेल्या पत्त्यांच्या संचांच्या, नादी लागू नका. त्यातले कितीतरी परदेशी उच्चशिक्षणासाठीच्या जीआरईसारख्या परीक्षांसाठी केलेले असतात. आपल्या मुलांना त्यांचा काय उपयोग? शिवाय 'मेटाफर म्हणजे काय' असा पत्ता म्हणजे पुन्हा घोकंपट्टीच. समोर ओळ हवी, मागे नाव आणि कारण. 'स्लीपलेस नाइट' : झोप उडाली माणसाची, विशेषण लागलं रात्रीला, म्हणून ट्रान्सफर्ड एपिथेट. ॲलिटरेशनला, म्हणजे अनुप्रासाला, मुलं स्पेलिंग बघतात, ऐकायचा असतो उच्चार. 'सिटी' आणि 'कॅट' दोन्ही सी-ने सुरू होतात, तरी अनुप्रास नाही. 'फोन' आणि 'फिश' यांचा होतो. अशा पत्त्यावर आपल्याच आवाजात रेकॉर्डिंग जोडता येतं, ही सोय मला फार आवडते. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती मुलांनी मराठीत शिकलेले असतात. ती नावं मागच्या बाजूला लिहा, सिमिली-पर्सॉनिफिकेशन पटकन बसतं.

शब्दांसाठी वाक्यातली गाळलेली जागा भरायचा प्रकार घ्या. 'कपेबल'पुढे 'ऑफ' येतं, 'डिस्कस'पुढे 'अबाउट' येत नाही, हे सुट्या अर्थातून कधीच कळत नाही.

दिसायला ॲप रुक्ष आहे आणि सेटिंग्जचं जंगल आहे. चार दिवस उघडलं नाही तर उजळणीचा ढीग साचतो, मग मुलं ॲपच सोडून देतात. मुळात रोज वीस नवे पत्ते ठरलेले असतात, बारावीच्या धबडग्यात ते झेपत नाहीत. डेकच्या पर्यायांत जाऊन पहिल्याच दिवशी सात-आठवर आणा.