धामापूरच्या तळ्याकाठचं घर : फेब्रुवारीत जावं, फक्त बोटिंगसाठी जाऊ नये

मालवणहून चौके मार्गे कुडाळला जाताना धामापूरचं तळं लागतं. बहुतेक गाड्या तिथे दहा मिनिटं थांबतात. काठावरच्या भगवती देवीला हात जोडायचे, पायऱ्यांवर फोटो काढायचे आणि तारकर्लीकडे सुटायचं. हे परीक्षण मात्र तळ्याच्या खालच्या अंगाला, शेताला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या घरगुती मुक्कामाचं आहे. घराचं नाव मुद्दाम दिलेलं नाही.

पोचायचं कसं, ते आधी. कुडाळ स्टेशनवरून नेरूरपार मार्गे जाणारी मालवण एसटी धरावी. कसाल-कट्टा मार्गाची गाडीही मालवणलाच जाते, पण धामापूरला लागत नाही. पाटीवर फक्त 'मालवण' दिसलं म्हणून चढणाऱ्यांना मग चौक्याला उतरून रिक्षा करावी लागते. तेव्हा चढण्याआधी कंडक्टरला विचारावं.

घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं, पुढे शेणाने सारवलेलं खळं. खोल्या स्वच्छ, गाद्या जाड. न्हाणीत भाणं, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, आहे. पाणी चुलीवर तापतं, गीझर नाही. सकाळी सातच्या आत गरम पाणी हवं असेल तर रात्रीच सांगावं, कारण भाणं तापायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. पावसाळ्यात चादरींना दमट वास येतो. सगळीकडे येतो, पण इथे बदलून मागितली तर हसतमुखाने देतात. रेंज खळ्यात मिळते, खोलीत नाही.

इथे राहण्याचं खरं कारण आहे पाणी. हे तळं १५३० साली विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी बांधलं. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम सुरू झालं १६६४ साली, म्हणजे तळं त्याहून १३४ वर्षांनी जुनं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. मालवण शहराच्या नळांनाही इथलं पाणी जातं. एवढं असून येणारे बरेच जण त्याला 'नॅचरल लेक' म्हणतात! डोंगरांच्या बेचक्यात मातीचा बांध घालून अडवलेलं हे पाणी आहे. माणसांनी केलेलं, माणसांनीच राखलेलं.

सिंधुदुर्गात पाऊस वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पडतो, तरी एप्रिल-मे महिन्यात कित्येक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. दोष जांभ्याचा. हा दगड सच्छिद्र. पडलेलं पाणी उतारावरून झिरपत ओहोळात आणि तिथून खाडीला मिळतं. तळ्याच्या तळाशी बसलेला बारीक गाळ ते रोखून धरतो, भोवतालचं रान डोंगरातलं पाणी हळूहळू सोडतं, आणि बांधातून होणारा पाझर खालच्या विहिरींना जिवंत ठेवतो. या घराच्या विहिरीत उन्हाळ्यातही कळशी बुडते, ती त्यामुळे.

म्हणून फेब्रुवारी. वरच्या भरडावर, म्हणजे कोरड्या माळजमिनीवर, गवत पिवळं पडलेलं असतं आणि तळ्याखालच्या मळ्यात, पाटाचं पाणी पोचतं तिथे, वायंगणी (उन्हाळी) भात हिरवागार उभा असतो. एका नजरेत तळ्याचा उपयोग कळतो. जून-जुलैत सगळंच हिरवं, काय कळणार? सकाळी मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालत गेलं तर एका कुणग्यातून (भाताच्या वाफ्यातून) दुसऱ्यात पाणी कसं सोडतात ते जवळून दिसतं. मेरेला पायाने किंवा खोऱ्याने वीतभर वाट करतात, खालचा कुणगा भरला की चिखलाचे दोन-तीन गोळे दाबून बंद. बंद करायला विसरलं तर वरचं शेत कोरडं आणि खालच्याशी भांडण. वरच्या वाडीतून 'पाणी इला काय?' (पाणी आलं का?) अशी हाक ऐकू आली तर ती तुम्हाला नाही. आणि मेरेच्या मधोमध चाला, कडा ठिसूळ असतात.

घराकडून तळ्याची फेरी दाखवतात. इथे मात्र गुण कापावे लागतात. सोबत येणारा मुलगा मनमिळाऊ आहे, पण सांगतो ती एकच गोष्ट : लग्नकार्याला पाण्यात फुलांची परडी सोडली की देवी दागिने द्यायची. गोष्ट गोड आहे, ऐकावी. पण जादा पाणी बाहेर सोडणारा सांडवा कुठे, पाट कुठून निघतो, हे विचारलं की गाडी अडते. घरातल्या म्हाताऱ्यांना सोबत मागा. मातीच्या बांधाला भीती कशाची ते त्यांना नेमकं ठाऊक आहे : बांधावर वाढलेल्या झाडांची मुळं, कुर्ल्यांची (खेकड्यांची) बिळं, आणि पालापाचोळ्याने तुंबलेला सांडवा. सांडवा तुंबला की पाणी बांधाच्या माथ्यावरून जाऊ लागतं, आणि मातीवरून वाहणारं पाणी माती कापतच खाली येतं. प्लास्टिकच्या पिशवीतलं निर्माल्य ही त्यातलीच नवी भर.

पोहायला उतरू नये. पायऱ्या जांभ्याच्या, पाण्याखाली शेवाळलेल्या, आणि पुढची खोली वरून कळत नाही. बोटीत बसायचंच असेल तर अंगाला बसणारं जॅकेट मागून घ्यावं. पट्टे तुटलेलं असेल तर परत द्यावं.

जेवणाला पूर्ण गुण. न्याहारीचं घावन बिडाच्या तव्यावरचं. तांदूळ पाच-सहा तास भिजवून बारीक वाटलेला, पीठ ताकाइतकं पातळ. नारळाच्या शेंडीने तेल फिरवून पीठ कडेकडून मध्ये ओततात, डावाने पसरत नाहीत. तवा नीट तापलेला असला की जाळी पडते. नसला तर घावन तव्यालाच धरून बसतं, म्हणून पहिलं कधी पाहुण्याच्या ताटात येत नाही. तवा एक, एका घावनाला दोन मिनिटं. चौघांना तीन-तीन म्हटलं तर चोवीस मिनिटं होतात. तेव्हा घाई असेल तर पेज सांगा, पण आदल्या रात्री. उकड्या तांदळाच्या एका वाटीला आठ वाट्या पाणी आणि चुलीवर तासभर, त्याशिवाय ती होत नाही. सोबत भाजलेला सुका बांगडा.

रात्री कुळथाची पिठी मिळते. पीठ थंड पाण्यात कालवून मग फोडणीत घालतात, त्यामुळे गुठळी सापडत नाही. हॉटेलात हेच पीठ उकळत्या पाण्यात पडतं आणि मग चमच्याने गोळ्या शोधत बसावं लागतं.

ताज्या मासळीचा भाव त्या दिवशीच्या बाजारावर, तो आधी विचारून घ्यावा. सोमवारी चुलीवर मासे चढत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, त्यामुळे सुरमईचा हट्ट धरला तर बर्फातली मिळेल. पहिल्या पावसात चढणीच्या, म्हणजे ओहोळातून उलटे वर चढणाऱ्या, माशांची फर्माईश पाहुणे करतात. करू नये, तेव्हा ते गाभोळीने (अंड्यांनी) भरलेले असतात, आणि घरचे नाही म्हणायला संकोचतात.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एक : विहिरीचा कठडा बुटका आहे, कमरेच्या खालीच येतो. मालकांना सांगितलं की ते लाकडी झाकण टाकतात, पण पाणी शेंदताना काढलेलं झाकण बाजूलाच राहतं. आणि रात्री खळ्यातून न्हाणीकडे जाताना विजेरी हवीच. घरात एकच आहे, आपली न्यावी.