तीन ड्रमचा फिल्टर: सहा महिने वापरल्यावर

भोसरीत माझं सुती कुर्ते-ओढण्या रंगवायचं आणि धुवायचं छोटं युनिट आहे. आळंदीत इंद्रायणीवर फेस दिसला की पोटात कालवतं. म्हणून रंगाच्या सांडपाण्यासाठी इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून तीन ड्रमचा संच करून घेतला.

पहिल्या ड्रमच्या तोंडाला नायलॉनची जाळी आहे. संध्याकाळी तिच्यावरून सुताचा निळा-गुलाबी थर नमद्यासारखा सोलून निघतो. जाळी नसती तर वाळू केव्हाच तुंबली असती. याच ड्रममध्ये तुरटी टाकायची. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला (सुताशी रासायनिक बंध धरणाऱ्या) मीठ आणि सोडा लागतो, त्यामुळे आमच्या पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, सात म्हणजे मधोमध) दहा-अकरा असतो आणि त्यात तुरटी नीट चालत नाही. विकणाऱ्याने हे सांगितलंच नाही, पंधरा दिवसांची तुरटी फुकट गेली. आता हातमोजे घालून थोडं थोडं आम्ल सोडते, पट्टीवर सात आला की काचेच्या बरण्यांत कमी-जास्त तुरटी घालून बघते, मगच ड्रमला हात लावते. प्रमाण जमलं की दूध नासल्यासारखे गोळे धरतात आणि हळूहळू तळाशी बसतात.

पुढे खडी-वाळू, शेवटी करवंटीचा सक्रिय कोळसा. वाळू गढूळपणा अडवते. विरघळलेला रंग ओढून घ्यायचं काम कोळशाचं. दोन महिने पांढऱ्या वाटीत पाणी नितळ दिसलं, तिसऱ्यात गुलाबी झाक आली. कोळशाची रंग ओढायची ताकद संपली होती. तो बदलायचा खर्च आधीच धरा.

मीठ मात्र जसंच्या तसं. टीडीएस मीटरचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राचा, आकडा फिल्टरच्या आधी आणि नंतर जवळजवळ सारखाच. त्यामुळे ‘आता बिनधास्त नाल्यात सोडा’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडी (जिवाणूंना घाण कुजवायला लागणारा ऑक्सिजन) लिटरला 30 मिलिग्रॅम आणि सीओडी (रसायनाने घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) 250 ही मर्यादा आहे, ती नुसत्या डोळ्यांना कशी दिसणार? मी हे पाणी फरशीला आणि गडद कपड्यांच्या पहिल्या धुण्याला वापरते, उरलेलं टँकरने प्रक्रिया केंद्राकडे जातं. गाळ वाळवून गोणीत भरते, तो रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला जातो.

एवढं करूनही संच घेतल्याचं मला समाधान आहे, ताजं पाणी खरंच कमी लागतं. फक्त गाळ काढायचा कॉक तळापासून चार बोटं वर बसवला होता, खालचा गाळ मग्याने उपसावा लागायचा. वेल्डरकडून तो खाली घेतला. घेणार असाल तर पैसे देण्याआधी वाकून तेवढं बघा.