रॅम २५०० कमिन्ससाठी ड्युअल डिस्क क्लच : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी गाडीबद्दल, कारण कुठला क्लच घ्यायचा हे गाडी आणि तिचं काम यांवरच ठरतं. माझी २००६ ची डॉज रॅम २५०० आहे. सहा सिलिंडरचं ५.९ लिटर कमिन्स डिझेल, सहा गिअरचा जी५६ मॅन्युअल गिअरबॉक्स, फोर व्हील ड्राइव्ह. मी दक्षिण इंडियानात राहते आणि या गाडीचं मुख्य काम म्हणजे घोड्यांचा गूजनेक (पिकअपच्या हौद्यात जोडला जाणारा) ट्रेलर ओढणं. तीन घोडे, चारा, पाणी, खोगिरं आणि पुढच्या भागातली आमची झोपायची सोय धरून भरलेला ट्रेलर १२,००० पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ साडेपाच टन होतो. कधी लेक्सिंग्टनला स्पर्धेसाठी, कधी आय-७५ ने जेलिकोचा डोंगर ओलांडून टेनेसीतल्या बिग साउथ फोर्कच्या रानवाटांवर. एरवी हीच गाडी रिकामी बाजारात आणि कामावर जाते.

कंपनीतून निघताना या इंजिनाची ताकद ३२५ अश्वशक्ती आणि ६१० पौंड-फूट टॉर्क (फिरवण्याचा जोर) होती, आपल्या भाषेत साधारण ८२७ न्यूटन मीटर. कॅलिफोर्नियाच्या एअर रिसोर्सेस बोर्डाची मान्यता असलेला ट्यूनर, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, बसवल्यावर डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकापाशी ७५० पौंड-फुटांच्या वर आकडा आला. मूळ क्लच मूळ टॉर्कसाठी बनवलेला होता, तेव्हा तो पुरणार नव्हताच. सहाव्या गिअरमध्ये चढावर पाय दिला की आरपीएमचा काटा सरसर वर जायचा आणि वेग तिथंच राहायचा. चढ संपला की केबिनमध्ये प्लेट जळाल्याचा वास. क्लच घसरतोय की नाही हे पाहायचं असेल तर असंच पाहा : वरचा गिअर, कमी आरपीएम, पूर्ण थ्रॉटल. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी झटकन पळते, त्यामुळे घसरण लक्षातच येत नाही.

क्लच शोधायला लागलं की प्रत्येक किटवर अश्वशक्तीचा आकडा ठळक दिसतो. माझं ठाम मत आहे की त्या आकड्यावर निवड करू नये. हिशेब साधा आहे : अश्वशक्ती म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ५२५२. १६०० आरपीएमला ६१० पौंड-फूट टॉर्क देणारं इंजिन त्या क्षणी फक्त १८६ अश्वशक्ती देत असतं. कागदावर किरकोळ वाटणाऱ्या त्या क्षणी क्लचवर मात्र पूर्ण भार असतो. डिझेलचा जोर खालच्या आरपीएमला असतो आणि ट्रेलर ओढताना आपण तासन्‌तास तिथेच असतो. म्हणून दुकानदाराला तीन गोष्टी सांगा : ट्यूनिंगनंतरचा टॉर्क, मागे किती वजन ओढता, आणि टायर मूळ मापाचे आहेत की मोठे.

क्लच किती टॉर्क पेलेल हे चार गोष्टींवर ठरतं : घर्षणाचा गुणांक, प्रेशर प्लेटचा (डिस्कला इंजिनाच्या जड चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरणाऱ्या प्लेटचा) दाब, डिस्कची त्रिज्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. त्रिज्या तर बेल हाउसिंगने, म्हणजे क्लचभोवतीच्या कवचानेच, ठरवून टाकलेली. राहिले तीन मार्ग, आणि बाजारातलं प्रत्येक किट या तिघांपैकी एक किंवा दोन धरून बनलेलं असतं.

पहिला मार्ग प्रेशर प्लेट कडक करण्याचा. स्वस्त आणि सोपा, पण पेडल जड होतं, शहरातल्या रांगेत डावा गुडघा बोलायला लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पेडल दाबलं की तो सगळा जोर क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. आपल्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय स्टार्टच होत नाहीत, म्हणजे रोज सकाळी तेल पोचायच्या आधी त्या बेअरिंगवर हा भार. मजबूत इंजिनाला विनाकारण असा त्रास द्यावा हे मला पटत नाही.

दुसरा मार्ग अस्तर, म्हणजे डिस्कवरचा घासणारा थर, बदलण्याचा. ऑर्गॅनिक अस्तर मऊ पकडतं, पण फार तापलं की पकड सोडतं. सिरॅमिक बटणांची प्लेट उष्णता भरपूर सोसते आणि घट्ट धरते, फक्त ती एकदम धरते. मधला पर्याय म्हणून एका बाजूला ऑर्गॅनिक आणि दुसऱ्या बाजूला सिरॅमिक जातीचं अस्तर असलेल्या सिंगल डिस्कही मिळतात. ओळखीच्या एकांच्या रॅममध्ये सिरॅमिक बटणं आहेत, ती गाडी मी चालवून पाहिली. रिकामी गाडी रिव्हर्स घेताना अख्खी केबिन थरथरत होती. ते ट्रॅक्टर पुलिंगच्या स्पर्धेत उतरतात, त्यांना तेच हवं आहे. माझ्या मागे तीन जिवंत जनावरं चार पायांवर उभी असतात. सिग्नल सुटल्यावर गाडीने दचका दिला की घोडा तोल सावरायला पाय आपटतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की पुढच्या वेळी ट्रेलरमध्ये चढायलाच तयार होत नाही. त्यामुळे सिरॅमिक माझ्या यादीतून तिथेच बाद झालं.

तिसरा मार्ग पृष्ठभाग वाढवण्याचा. एका डिस्कला दोन घासणाऱ्या बाजू, दोन डिस्कना चार. दाब तेवढाच आणि अस्तर तेच ठेवलं तरी हिशेबाने क्षमता दुप्पट. म्हणजे ऑर्गॅनिकचा मऊपणा टिकतो, पेडल हलकं राहतं आणि उष्णता चार बाजूंना वाटली जाते. साउथ बेंड आणि व्हॅलेअर या दोन्ही अमेरिकन कंपन्या असे ड्युअल डिस्क बनवतात. माझ्या मते आधी प्रकार पक्का करावा, ब्रँड त्यानंतर. मी रस्त्यावरच्या वापरासाठीचा, ऑर्गॅनिक अस्तराचा ड्युअल डिस्क घेतला. फ्लायव्हील धरून किट दोन हजार डॉलरच्या घरात गेलं, मजुरी वेगळी.

फ्लायव्हीलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण लोक तक्रार क्लचची करतात आणि खरं कारण फ्लायव्हीलमध्ये असतं. जी५६ सोबत ड्युअल मास फ्लायव्हील येतं : दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. डिझेलचा प्रत्येक स्फोट क्रँकशाफ्टला एक पीळ देतो, आणि तो पीळ गिअरबॉक्सपर्यंत पोचू न देणं हे त्या स्प्रिंगांचं काम. टॉर्क वाढवला की त्या स्प्रिंगा आधी थकतात. म्हणून जास्त ताकदीच्या किटांमध्ये एकसंध सिंगल मास फ्लायव्हील देतात. ते टिकाऊ असतं, पुढच्या वेळी मशीनवर सपाट तासून पुन्हा वापरता येतं, पण पीळ गिळायला आता फक्त डिस्कच्या हबमधल्या स्प्रिंगा उरतात. बाकीचा गिअरच्या दातांत ऐकू येतो.

आणि तो ऐकू येतोच. न्यूट्रलमध्ये पेडल सोडून उभं राहिलं की गिअरबॉक्समधून खडखड येते. पेडल दाबलं की ती थांबते आणि दुसरा, जरा किणकिणता आवाज सुरू होतो, तो दोन डिस्कमधल्या मोकळ्या चकतीचा. कुठल्याही ड्युअल डिस्कचा हा स्वभावच आहे, बिघाड नव्हे, आणि घेण्याआधी हे मनाशी पक्कं करायलाच हवं. पहिल्या आठवड्यात पेट्रोल पंपावर लोक वळून बघायचे. गाडी धावू लागली की मात्र काहीही ऐकू येत नाही. जी५६ मध्ये कंपनी एटीएफ+४ हे पातळ तेल भरायची. मेकॅनिकच्या सल्ल्याने मॅन्युअल गिअरबॉक्सचं जरा जाड तेल भरल्यावर आवाज जाणवण्याइतका कमी झाला, गेला नाही. ज्यांना शांत गाडी हवी, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

बसवताना गिअरबॉक्स उतरलेलाच असतो, तेव्हा रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, फोर्क आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवे घालून घ्या, क्रँकच्या मागच्या तेलसीलवरही नजर टाका. हायड्रॉलिकचा, म्हणजे पेडलचा दाब द्रवाने क्लचपर्यंत नेणाऱ्या मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरांचा, आधीच भरून आलेला नवा संच मी सोबतच घेतला. जुन्या सिलिंडरांची हालचाल कमी पडली तर डिस्क पूर्ण सुटत नाही, गिअर करकरतात, आणि बिचाऱ्या नव्या क्लचला नावं ठेवली जातात.

त्यानंतरचे ५०० मैल, म्हणजे ८०० किलोमीटर, काटेकोर पाळले. शहरातला थांबा-निघाचा प्रवास, ट्रेलर नाही, पूर्ण थ्रॉटल नाही. या काळात अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांवर बसतात. ट्रेलरची मोसमी फेरी तोंडावर असेल तर क्लच त्याच्या महिनाभर आधी बसवा, हे कळकळीने सांगते.

आता खऱ्या कामाचं. जेलिकोचा चढ भरल्या ट्रेलरने पाचव्या गिअरमध्ये चढतो आणि काटा वेगाशी बांधल्यासारखा राहतो. पाय कितीही द्या, घसरण नाही, वास नाही. आधी चढ दिसला की मी पाय काढून घ्यायचे, आता इंजिनाकडे जे आहे ते सगळं रस्त्यावर उतरतं. सुरुवात मऊ आहे. हाफ क्लचचा पट्टा मूळ क्लचपेक्षा थोडा अरुंद वाटतो, पण दोन दिवसांत पायाला सवय होते. घोड्यांनी पाय आपटल्याचा आवाज मला आता सिग्नलला ऐकू येत नाही, आणि माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल झाले. पेडल मूळच्यापेक्षा किंचित जड, लुइव्हिलच्या संध्याकाळच्या गर्दीतही पाय भरून येत नाही.

ट्रेलर मागे घेणं हे क्लचला सगळ्यात जाळणारं काम. खडीच्या किंवा गवताच्या तळावर मी ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) लो रेंजला टाकते. तिथे २.७२ पट गुणोत्तर मिळतं, गाडी पेडल पूर्ण सोडून मुंगीच्या गतीने मागे सरते आणि क्लच घासतच नाही. कोरड्या डांबरावर हे करू नका, चाकं आणि शाफ्ट आवळले जातात. भरल्या ट्रेलरने निघताना नेहमी पहिला गिअर. रिकाम्या गाडीला दुसरा चालतो, पण मागे साडेपाच टन असताना दुसऱ्यात निघणं म्हणजे अस्तर वाया घालवणं.

एक गोष्ट थंडीतली. दोन डिस्कचं फिरतं वजन जास्त, त्यामुळे गिअर बदलताना सिंक्रोला (गिअरांचा वेग जुळवणाऱ्या भागाला) ते सावरायला वेळ लागतो. जानेवारीत पारा शून्याखाली असताना पहिल्यातून दुसरा गिअर पडायला पहिली काही मिनिटं जोर लागायचा. अशा वेळी घाई करू नये. तेल गरम झालं की गिअर लोण्यासारखे पडतात.

२०१८ नंतर अमेरिकेत मॅन्युअल गिअरबॉक्सची नवी हेवी ड्युटी डिझेल पिकअप मिळत नाही. रॅम ही शेवटची होती. इथल्या, इंडियानातल्या कोलंबसमध्ये कमिन्स कंपनीमुळे पुण्याहून आलेली बरीच मराठी घरं आहेत, आणि त्यातले काही जण अशा जुन्या मॅन्युअल गाड्या शोधत असतात. त्यांना माझं सांगणं असं : इंजिन मूळ ताकदीवर ठेवणार असाल, तर ड्युअल डिस्कवर पैसे घालू नका, ऑर्गॅनिक सिंगल डिस्क उत्तम चालेल आणि गाडी शांतही राहील. थोडं ट्यूनिंग करून हलका ट्रेलर ओढायचा असेल, तर मिश्र अस्तराची सिंगल डिस्क बघा, रिव्हर्सला थोडी थरथर सोसा. टॉर्क ७०० पौंड-फुटांच्या पुढे आणि मागे रोजचं वजन असेल, तर मात्र ऑर्गॅनिक ड्युअल डिस्कच घ्या, आणि किटच्या किमतीवर हायड्रॉलिक, तेल आणि मजुरी धरूनच बजेट मांडा.