बाराबंदी शिवून मिळाली, खरोखरची बारा बंदांची

पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते येतंच आहे पुढे.

भाच्याच्या एकांकिकेसाठी बाराबंदी, म्हणजे बटणांऐवजी बंदांनी बांधायचा जुना अंगरखा, हवी होती, काळ १८६० च्या आसपासचा. आधी भाड्याने ड्रेस देणाऱ्या एकाकडून आणली, नाव नको त्याचं, तर ती टेरिकॉटची, पुढे वेल्क्रो आणि बंद नुसते शोभेला, तेही मोजून चार. मग चारबंदी म्हणा ना! शेवटी नाशकात दहीपुलाच्या मागे गल्लीत एक म्हातारे शिंपी काका आहेत त्यांच्याकडे गेले. दुकानाला पाटीच नाही, गिऱ्हाईक वाढेल म्हणतात, म्हणून मीपण नाव टाकत नाही.

कापड आपण न्यायचं. मी ट्रायलला मांजरपाट आणि फायनलला मलमल घेऊन गेले तर काकांनी हातही लावला नाही, "ताई, रात्रभर भिजवलंय का? पहिल्या धुण्यात आटलं की माझ्याच नावाने ओरडाल." खळ काढून, वाळवून, इस्त्री करून दुसऱ्या दिवशी परत.

पहिली ट्रायल फसली. काकांनी सवयीने शर्टासारखा गोल मुंढा (बाही जोडायचा काप) काढला, त्यामुळे भाच्याने हात वर केला की अख्खी बाराबंदी बेंबीच्या वर. मग मी आजोळच्या ट्रंकेतला एक विरलेला अंगरखा नेला. त्यांनी तो उलटा केला, चष्मा पुसला आणि बराच वेळ काखेतली शिवण बोटाने चाचपत बसले. त्याची बाही सरळ पट्टीसारखी बेतलेली आणि काखेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवलेला, त्याने हात मोकळा फिरतो आणि कापडाची चिंधीसुद्धा वाया जात नाही, हातमागाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असल्यावर हे बघावंच लागायचं. "माझे आजोबा असंच बेतायचे," एवढंच म्हणाले आणि मांजरपाट पुन्हा कापायला घेतलं, जास्तीचे पैसे न लावता.

मशीनवरून आमची जुंपली. सिंगरचं पेटंटच १८५१ चं, तेही अमेरिकेतलं, त्यानंतर नऊ वर्षांत नाशकातल्या शिंप्याकडे मशीन कुठून येणार? काका म्हणे प्रेक्षकांत भिंग घेऊन कोण बसणारे. शेवटी तोड निघाली, आतल्या लांब शिवणी मशीनवर, पण गळा, कडा आणि बंद हाताने. दोऱ्याला मेण लावून इतका बारीक धावदोरा घातलाय की मी घरी येऊन मोजायला बसले आणि मध्येच चुकले. बारा बंद म्हणजे सहा जोड्या, प्रत्येक बंद शिवून दाभणाने उलटवलेला, एकही पिळवटलेला नाही.

आता कापलेला स्टार. आठ दिवस सांगून बावीस दिवस लावले, फोन उचलत नाहीत, आणि एकांकिकेच्या आदल्या संध्याकाळी शेवटचे दोन बंद मी तिथेच स्टुलावर बसून लावले. शिलाई १४०० रुपये, फक्त रोख. गाडी मेन रोडला न्यायच्या फंदात पडू नका, रिक्षाने जा.

खणाची चोळीही टाकली आहे, पुढे गाठीची. खण बघितल्या बघितल्या काका म्हणाले काठ बाहीलाच आला पाहिजे, पण चोळी ते शिवत नाहीत, काकू शिवतात. काकूंनी शुक्रवार दिलाय. कुठला ते विचारायला हवं होतं.