प्री-वेडिंगच्या नावाखाली कॅमेऱ्याची आख्खी बॅग नेली, बाहेरगावी शूटला जाणाऱ्यांनी वाचा

आधी आकडा सांगतो, 3,83,900 रुपये. सोनी ए7 फोर कॅमेऱ्याची बॉडी 1,98,000, सेकंडहँड 24-70 जीएम लेन्स 1,22,000, 85 ची लेन्स 42,500, फ्लॅश-ट्रिगर मिळून 21,400. बॉडीचा 9,860 चा हप्ता अजून चालूच आहे. आणि माझ्या खात्यात आले किती, तर अ‍ॅडव्हान्सचे 5,000.

प्रकार तुम्हाला माहीत असणार, आउटडोअर शूट, गाडी पार्टीची, वाटेत चहा आणि गाडी गायब. असले मेसेज मी पण वाचलेत, पुढं पाठवलेत. तरी फसलास कसा म्हणणाऱ्यांना सांगतो, अ‍ॅडव्हान्स आलेला, आधारचा फोटो आलेला, व्हिडिओ कॉलवर मुलगी बोललेली, साडी कुठल्या रंगाची घेऊ म्हणून विचारत होती. सीझन नसताना आंबोलीचं 35,000 चं काम कोण सोडणार? तुम्ही सोडलं असतं काय?

पैसे वेगळ्याच नावावरनं आले होते, मेव्हण्याचं खातं आहे म्हणाला नवरामुलगा. असं लग्नघरात सर्रास चालतं. असिस्टंटला घेऊ नका, मागं डेकोरेशनचं सामान आहे, हे पण पटण्यासारखंच. पण नवरामुलगा फोनवर मला विचारतो, "दादा, 85 आणि जीएम दोन्ही आणताय ना?" आजवर एका नवऱ्याला लेन्सचं नाव माहीत नव्हतं, त्यांना रील कधी मिळणार एवढंच पाहिजे असतं. गिऱ्हाईक कॅमेरा-लेन्सची यादी विचारायला लागलं की फोन ठेवा.

आणि कोगनोळीचा टोल. हे आठवलं की अजून डोकं फिरतं. कोल्हापुरात तावडे हॉटेलपासनं एर्टिगात बसलो, ड्रायव्हर आणि नवऱ्याचा भाऊ म्हणवणारा एक पोरगा. टोलवर फास्टॅगच नाही, ड्रायव्हरनं एक शब्द न बोलता रोख डबल पैसे भरले. एवढी चकाचक गाडी, रोज हायवेला पळणारी, आणि फास्टॅग नाही? तिथंच बॅग घेऊन उतरायला पाहिजे होतं. नंतर एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला तर स्कूटर निघाली. नंबरच खोटा, फास्टॅग कुठनं येणार! गाडीत बसायच्या आधी नंबर टाकून बघा, अर्धा मिनिट लागतं.

पुढं कर्नाटकातच चहाला थांबलो. बॅग खांद्याला लावत होतो तर पोरगा म्हणाला, "राहू द्या दादा, गाडी समोरच आहे की." चहा हातात आला आणि ड्रायव्हर म्हणाला मागच्या चाकात हवा कमी वाटतीय, पलीकडच्या पंक्चरवाल्याकडं दाखवून येतो, पोरगा पण त्याच्यासोबत बसला. गाडी हळू निघाली, डावा इंडिकेटर लावून. मी इंडिकेटरकडंच बघत होतो. पंक्चरच्या दुकानापाशी तो बंद झाला आणि गाडी सरळ हायवेला लागली. दोघांचे फोन तिथनंच बंद.

आता पोलिसांचं ऐका. तिकडच्या ठाण्यात म्हणाले बुकिंग कोल्हापूरचं, गाडीत बसला कोल्हापुरात, तिकडं जा. कोल्हापुरात आलो तर साहेब म्हणाले चहा कर्नाटकात प्यालास ना, मग इथं कशाला? सायबरला पाठवलं, तिथं म्हणे पैसे तर तुम्हाला आलेत, गेले कुठं? शेवटी एकानं गहाळ झाल्याचा दाखला देतो म्हणून कागद पुढं सरकवला. अरे गहाळ कसं? डोळ्यांदेखत नेलंय! तो दाखला अजिबात घेऊ नका, विमावाले एफआयआर मागतात, गहाळच्या कागदावर हात वर करतात. 1 जुलै 2024 पासनं लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 आहे, दखलपात्र गुन्हा कुठल्या का हद्दीत घडेना, ठाण्याला तक्रार घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. मी कलम सांगितलं तर "वकील आहेस काय?" टोलचं फुटेज पोलिसांच्या पत्राशिवाय मिळत नाही आणि पत्र द्यायला गुन्हा नोंद नाही. फुटेज पुसलं जाईपर्यंत हे हद्दच मोजत बसणार काय? त्याच कलमात सोय आहे, नाही म्हणाले की एसपींना लेखी, पोस्टानं पाठवा. मी तेच केलं तेव्हा कुठं गुन्हा दाखल झाला, तो पण पुढं तिकडं वर्ग केला, आता फोन केला की तपास चालू आहे एवढंच उत्तर.

बिलं आणि बॉक्सवरच्या सीरियल नंबरचे फोटो मेलवर टाकून ठेवा, माझ्याकडं होते म्हणून तक्रारीत लिहिता तरी आले. मेमरी कार्डं बॅगेत ठेवू नका, माझी खिशात होती, म्हणून आदल्या दिवशीचा साखरपुडा वाचला. आधारवरचा क्यूआर स्कॅन करा, नुसता फोटो बघून काही कळत नाही. आणि गाडी आपली न्या, पार्टीला पटत नसेल तर काम सोडा.

24-70 च्या हूडवर, म्हणजे लेन्सच्या पुढच्या कडेवर, उजवीकडं खोल ओरखडा आहे आणि बॉडीच्या हॉटशूचा, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेचा, एक कोपरा किंचित वाकलाय. कोल्हापूर, बेळगाव, गोवा कुठंही अशी जोडी बिलाशिवाय स्वस्तात कुणी विकायला आणली तर घेऊ नका, त्याला बोलण्यात गुंतवून ठेवा आणि लगेच मला कळवा.