सेंट्रल पार्कचं स्वीडिश कॉटेज: बाहुल्या नातीला, इमारत मला

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कातल्या या कळसूत्री बाहुल्यांच्या थिएटरला माझे पाचपैकी चार तारे. त्यातले तीन नुसत्या इमारतीला.

नात आली होती खेळ बघायला, मी शाळा बघायला. होय, ही मुळात शाळा. १८७६ साली फिलाडेल्फियात अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचं प्रदर्शन भरलं, तेव्हा स्वीडनने ती मायदेशी बनवून, सुटे भाग जहाजाने आणून तिथे उभी केली. जर्मनीच्या क्रुप या पोलाद-शस्त्रांच्या कंपनीने तोफा मांडल्या होत्या. जेमतेम ४४ लाख वस्तीच्या स्वीडनने लोखंड वगैरे आणलंच, पण सोबत अख्खा वर्गही आणला, बाकं-नकाशांसकट. आधी १८७३ला व्हिएन्नातही त्यांनी शाळा मांडली होती, म्हणजे हे ठरवून चाललं होतं.

माझा जन्म शिकवण्यात गेला, त्यामुळे लाकडाचे सांधे आणि खिडक्या बघताना मान आपोआप हलली. पण शंकाही आली. साहेब तपासणीला येणार म्हटलं की शाळा कशी सजते, ते मला नका सांगू! स्वीडनमध्ये १८४२च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, शाळा सक्तीची झाली खरी, पण खेड्यापाड्यांत पुढे कित्येक वर्षं फिरत्या शाळा होत्या. मास्तरच एका वस्तीवरून दुसरीकडे जायचे. हे देखणं घर बघून त्याचा पत्ता लागत नाही. कापलेला तारा त्या मांडणीचा, थिएटरचा नव्हे.

प्रदर्शनानंतर, १८७७ मध्ये, पार्कचे रचनाकार ओल्मस्टेड यांनी ही इमारत इथे आणवली. मग ती अवजारांची खोली झाली, चक्क सार्वजनिक शौचालयही झालं. स्वीडिश वंशाच्या लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा ते बंद पडलं. बाहुल्या १९४७ पासूनच्या.

खेळ लहानग्यांसाठी, तासाभरात आटोपणारा. नात पूर्ण वेळ खुर्चीच्या टोकावर. इंग्रजी थोडं कमी कळलं तरी अडत नाही. थिएटर छोटं आहे, तिकीट आधी काढा. ७९व्या रस्त्याला, पश्चिमेकडून, नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या बाजूने आत शिरलात तर कमी चालावं लागतं. आणि खेळाच्या थोडं आधी पोचा, म्हणजे बाहेरून एक फेरी मारता येते.