सिलिकॉन फोली कॅथेटर आणि युरोबॅग: घरच्या वापराला चांगली, पण लक्ष हवं

फोली कॅथेटर म्हणजे लघवी बाहेर काढायला मूत्राशयात घातलेली नळी, आणि युरोबॅग म्हणजे ती लघवी जमा होणारी पिशवी. लॅटेक्सची (रबराची) नळी साधारण 2 ते 4 आठवड्यांत बदलावी लागते. पूर्ण सिलिकॉनची 12 आठवड्यांपर्यंत चालते. त्यामुळे महाग पडली तरी दीर्घकाळासाठी सिलिकॉनचीच घ्यावी. 2 लिटरची पिशवी काठोकाठ भरू देऊ नका, वजनाने नळी ओढली जाते. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला न टेकवता.

मोठा दोष एकच, नळी तुंबते. दोन-तीन तास पिशवीत थेंब नाही आणि ओटीपोट फुगून दुखतंय? आधी नळीला पीळ पडलाय का पाहा. नसेल तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा. थंडी वाजून ताप आला, रक्ताच्या गुठळ्या दिसल्या तरीही तेच. नळी स्वतः ओढू नका. आत फुगा फुगवलेला असतो, मूत्रमार्ग फाटू शकतो.